संदर्भगणनेतील सुरक्षा आणि वेग : कर्नल लिहिणाऱ्यांसाठी काही पथ्ये

ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे स्मृतीपासून नेटवर्कपर्यंत यंत्राच्या सर्व साधनांचा कारभार पाहणाऱ्या गाभ्यात, एकच ऑब्जेक्ट अनेकांच्या वापरात असते. उघडलेली फाइल दोन प्रक्रियांच्या हाती असू शकते, नेटवर्कचे पॅकेट ड्रायव्हरपासून सॉकेटपर्यंत अनेक थरांतून जाते, आणि एखाद्या वापरकर्त्याच्या अधिकारांची नोंद त्याच्या शेकडो थ्रेडमध्ये सामाईक असते. अशा ऑब्जेक्टची स्मृती केव्हा मोकळी करावी हे कोणाही एका धारकाला ठरवता येत नाही, म्हणून प्रत्येक ऑब्जेक्टमध्येच एक पूर्णांक ठेवला जातो. नवा धारक आला की तो एकने वाढतो, धारकाचे काम संपले की एकने घटतो, आणि शून्यावर पोहोचताच ऑब्जेक्ट नष्ट केले जाते. या पद्धतीला संदर्भगणना आणि त्या पूर्णांकाला संदर्भगणक म्हणतात. अनेक प्रोसेसर एकाच वेळी हा आकडा बदलू पाहतात, त्यामुळे वाचणे, बदलणे आणि पुन्हा लिहिणे ही तिन्ही कामे मध्ये कोणालाही शिरू न देता एका दमात पार पाडणाऱ्या, म्हणजेच ॲटॉमिक, आज्ञांचा वापर करावा लागतो.

या हिशेबात दोन प्रकारच्या चुका संभवतात. घट करायची राहून गेली तर गणक कधीच शून्यावर येत नाही आणि स्मृती अडकून पडते. हिला गळती म्हणतात. घट एकदा जास्त झाली तर धारक शिल्लक असतानाच ऑब्जेक्ट नष्ट होते, आणि त्या धारकाच्या हाती मोकळ्या झालेल्या स्मृतीचा पत्ता राहतो. ती जागा हल्लेखोराने आपल्या मजकुराने भरली, तर कर्नल तोच मजकूर आपला समजून वापरतो. यांपैकी पहिली चूक सौम्य आणि दुसरी घातक अशी विभागणी दीर्घकाळ रूढ होती. ती पुरेशी नाही, कारण पुरेशा वेळा घडवून आणलेली गळतीही दुसऱ्या चुकीचेच रूप घेते.

या रूपांतराचे ठळक उदाहरण लिनक्सच्या किल्ली-व्यवस्थेत, म्हणजे प्रक्रियांची गुप्त चिन्हे सांभाळणाऱ्या भागात, जानेवारी २०१६ मध्ये उघड झाले. सीव्हीई-२०१६-०७२८ या क्रमांकाने नोंदलेला हा दोष पर्सेप्शन पॉइंट या संस्थेच्या संशोधकांनी शोधला होता, आणि तो २०१३ च्या ३.८ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये होता. एखाद्या प्रक्रियेने आपल्या चालू सत्राचाच किल्लीसंच पुन्हा मागितला, तर कर्नल गणक वाढवी आणि नंतर ‘हा संच आधीपासूनच चालू आहे’ असे पाहून परत फिरे, पण परतण्यापूर्वी करायची घट त्या एका वाटेवर लिहिलेली नव्हती. प्रत्येक मागणीमागे एक संदर्भ गळत असे. गणक ३२ बिटांचा होता. जुन्या स्कूटरचा मीटर सगळे नऊ झाल्यावर पुन्हा शून्यावर येतो तसा तो ४,२९,४९,६७,२९६ वाढींनंतर शून्यावर येई, आणि मग खरे धारक जिवंत असताना संच मोकळा केला जाई. इंटेलच्या कोअर आय७-५५०० या लॅपटॉपमध्ये वापरल्या जाणाऱ्या प्रोसेसरवर या साऱ्याला सुमारे ३० मिनिटे लागत. म्हणजे दर सेकंदाला साधारण २४ लाख मागण्या. अर्ध्या तासाचा धीर असलेल्या कोणत्याही सामान्य वापरकर्त्याला त्यातून यंत्राचे सर्वाधिकार मिळवता येत होते.

गळती नसतानाही गणक भरून वाहू शकतो. प्रत्येक प्रामाणिक संदर्भ कोठेतरी साठवावा लागतो आणि ६४ बिटांच्या यंत्रावर एका पत्त्याला ८ बाइट लागतात. तेव्हा ३२ बिटांचा गणक निव्वळ खऱ्या संदर्भांनी भरायचा तर किमान ३२ गिबिबाइट स्मृती हवी. ज्या काळात एवढी स्मृती कोणाकडे नव्हती त्या काळात हा अडथळा खरोखर पुरेसा होता. २०१६ मध्ये बीपीएफ या, छोटे प्रोग्राम कर्नलच्या आत चालवू देणाऱ्या, उपव्यवस्थेतील गणकाबाबत नोंदलेल्या सीव्हीई-२०१६-४५५८ या दोषाची अट ३२ गिगाबाइटहून अधिक स्मृती हीच होती, आणि २०१९ मध्ये स्मृतीच्या पानांच्या गणकाबाबत नोंदलेल्या सीव्हीई-२०१९-११४८७ साठी सुमारे १४० गिबिबाइट पुरत होते. आज भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरवर एवढी स्मृती सहज असते. म्हणून ‘इतके संदर्भ कधी होणारच नाहीत’ हा युक्तिवाद कोडच्या परीक्षणात आला, तर त्यामागची अट किती जुनी आहे हे आधी तपासावे.

संपृक्ती आणि तिची घसरत गेलेली किंमत

गणक भरून वाहण्यावरचा उपाय तत्त्वतः साधा आहे. आकडा कमाल मर्यादेच्या जवळ आला की तो तेथेच गोठवावा आणि त्यानंतर तो ना वाढू द्यावा ना घटू द्यावा. या अवस्थेला संपृक्ती म्हणता येईल. गोठलेल्या गणकाचे ऑब्जेक्ट यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत मोकळे होत नाही, म्हणजे थोडी स्मृती कायमची वाया जाते, पण अकाली मुक्ती होत नाही. घातक चूक सौम्य चुकीत बदलून घेण्याचा हा व्यवहार आहे.

हा विचार प्रथम पॅक्स आणि जीआरसिक्युरिटी या कर्नलबाहेरील पॅचसंचांत अमलात आला. तेथे सर्वच ॲटॉमिक पूर्णांकांना तपासणी लावली होती, आणि आकडेवारीच्या मोजण्यांसारखे जे पूर्णांक भरून वाहिले तरी चालतात त्यांना वेगळा प्रकार देऊन सूट दिली होती. २०१६ मध्ये हीच रचना मूळ लिनक्समध्ये आणण्याचा प्रयत्न झाला तेव्हा पीटर झिलस्ट्रा यांनी तिला विरोध केला. संदर्भगणक ही वेगळ्या अर्थाची गोष्ट आहे, तेव्हा तिचा प्रकारही वेगळा असावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातून ‘रेफकाउंट_टी’ हा स्वतंत्र प्रकार जन्मला आणि २०१७ च्या ४.११ या आवृत्तीत दाखल झाला. हा विरोध योग्यच होता असे मागे वळून पाहता म्हणावे लागते, कारण स्वतंत्र प्रकार मिळाल्यामुळे केवळ संपृक्तीच नव्हे, तर ‘शून्यावरून वाढ करता येणार नाही’ हा संदर्भगणनेचा मूळ नियमही तपासता येऊ लागला. शून्यावर पोहोचलेले ऑब्जेक्ट मृत असते. त्याचा गणक वाढवू पाहणारा कोड म्हणजे मोकळ्या स्मृतीला हात घालणारा कोड होय.

पहिल्या रूपात मात्र प्रत्येक वाढ ‘तुलना करून बदल’ या पद्धतीने होई. आकडा वाचावा, नवा आकडा काढावा, मधल्या काळात मूळ आकडा बदलला नसेल तरच तो लिहावा, आणि बदलला असेल तर पुन्हा सुरुवात करावी, असे ते चक्र होते. नेटवर्क विभागाच्या देखभालकर्त्यांनी वेगाच्या कारणावरून आक्षेप घेतला आणि पूर्ण तपासणी ऐच्छिक करण्यात आली. पुढे ४.१४ मध्ये केस कुक यांनी एक्स८६ प्रोसेसरसाठी असेंब्लीत लिहिलेले जलद रूप आणले, जे शून्यावरून होणारी वाढ तपासत नसे, पण भरून वाहणे पकडत असे. त्या पॅचसोबत दिलेली मोजमापे अभ्यासण्याजोगी आहेत. सुमारे २१४ कोटी वाढी आणि तितक्याच घटी यांना साध्या ॲटॉमिक पूर्णांकावर सुमारे ८,२०० कोटी क्लॉक सायकल लागल्या, जलद रूपाला जवळजवळ तितक्याच, आणि पूर्ण तपासणीच्या रूपाला सुमारे १४,५०० कोटी. एका क्रियेमागे १९ विरुद्ध ३४ सायकल असा हा हिशेब येतो. टक्केवारीत तो भयंकर दिसतो. एका प्रत्यक्ष सिस्टिम कॉलला शेकडो सायकल लागतात आणि त्यात अशा क्रिया बहुधा दोनचारच असतात हे ध्यानात घेतले की त्याचे भय ओसरते.

ही तडजोडही फार काळ लागली नाही. विल डीकन यांच्या पुनर्रचनेत, जी जानेवारी २०२० च्या ५.५ या आवृत्तीत आली, पूर्ण तपासणी आणि वेग एकत्र नांदू लागले. तिच्यातील युक्ती अशी की तपासणी आधी न करता नंतर करावी. गणक बिनशर्त एकाच ॲटॉमिक आज्ञेने वाढवला जातो, ती आज्ञा आधीचा आकडा परत देते, आणि तो शून्य किंवा ऋण निघाला, अथवा वाढीनंतर ऋण झाला, तर गणक संपृक्त मूल्यावर नेऊन ठेवला जातो. बदल आणि दुरुस्ती यांच्यामध्ये क्षणभराची फट राहते हे खरे. ती निरुपद्रवी ठरावी म्हणून संपृक्त मूल्य ऋण पल्ल्याच्या अगदी मध्यावर, उणे १,०७,३७,४१,८२४ येथे, ठेवले आहे. दुरुस्ती होण्यापूर्वी इतर थ्रेडनी आकडा हलवला तरी सुरक्षित पल्ल्याबाहेर जाण्यासाठी त्यांना १०७ कोटींहून अधिक पावले चालावी लागतील, आणि लिनक्समध्ये एका वेळी अस्तित्वात असू शकणाऱ्या कार्यांची कमाल मर्यादा ४१,९४,३०४ आहे. साध्या वाढीतले चक्र गेले, असेंब्ली गेली, ऐच्छिक पर्यायही काढून टाकण्यात आला. आज ही तपासणी सर्वांसाठी कायम चालू असते. फट निरुपद्रवी असल्याचा युक्तिवाद एका वेळी एकच संदर्भ घेण्या-सोडण्यावर उभा आहे, म्हणून एका दमात हजारो संदर्भ जोडणारा कोड लिहिताना त्याचा आधार घेता येत नाही.

वेग खरोखर कोठे जातो

सुरक्षा विरुद्ध वेग अशी मांडणी या विषयात सवयीने केली जाते. तिच्यात तपासणीवर नको तितका दोष येतो आणि खरा खर्च नजरेआड राहतो. संपृक्तीची तपासणी म्हणजे एक तुलना आणि जवळजवळ कधीच न घेतले जाणारे एक वळण. प्रोसेसर ते आधीच ओळखून पुढे जातो. खर्च होतो तो गणक ज्या कॅश लाइनमध्ये आहे तिच्या ने-आणीत. कॅश लाइन म्हणजे प्रोसेसर आपल्या जवळच्या स्मृतीत एका वेळी आणतो तो तुकडा, बहुतेक यंत्रांवर ६४ बाइटांचा. ज्या कोअरला त्यात लिहायचे असेल त्याला त्या तुकड्याची एकट्याची मालकी मिळवावी लागते. शंभर कोअर एकाच गणकात एक मिळवत असतील तर तो तुकडा शंभर ठिकाणी फिरतो, आणि तपासणी असो वा नसो, प्रत्येकाला रांगेत थांबावे लागते. त्याच तुकड्यात शेजारी एखादे नुसते वाचले जाणारे क्षेत्र असेल, तर त्याच्या निरपराध वाचकांनाही तीच रांग भोवते.

म्हणून वेग कमी वाटताच ‘रेफकाउंट_टी’ काढून साधा ॲटॉमिक पूर्णांक बसवणे हा उपाय बहुधा निष्फळ ठरतो. सुरक्षा जाते आणि रांग तशीच राहते. आधी मोजमाप करावे. लिनक्समधील ‘पर्फ’ या साधनाची ‘सी२सी’ ही उपआज्ञा कोणत्या कॅश लाइनवर कोअरांची ओढाताण होते ते क्षेत्रासह दाखवते. गणक दोषी निघाला तर तो वारंवार वाचल्या जाणाऱ्या क्षेत्रांपासून वेगळ्या तुकड्यात हलवून पाहावे. पुष्कळदा एवढ्या हलवाहलवीनेच काम भागते, आणि तिच्यात धोका काहीच नसतो.

त्यानंतरचा प्रश्न असा की हा संदर्भ घेण्याची गरज आहे का. फलन बोलावणाऱ्याच्या हाती संदर्भ आहे आणि बोलावलेले फलन परतेपर्यंत तो सोडला जाणार नाही, अशी खात्री असेल तर आत पुन्हा वाढ-घट करणे हा निव्वळ अपव्यय असतो. संदर्भ उसना चालतो की मालकीचा हवा हे फलनाच्या वर्णनातच लिहून ठेवावे. या एका ओळीच्या अभावी पुढे कोणीतरी ‘सावधगिरी’ म्हणून जादा वाढ करतो आणि तिसरा कोणीतरी तिची घट विसरतो. यादीत किंवा तक्त्यात ऑब्जेक्ट शोधताना आरसीयू, म्हणजे रीड-कॉपी-अपडेट, ही पद्धत याहून पुढे जाते. तिच्यात वाचक कोणत्याही सामाईक जागी काही लिहीत नाही. स्मृती मोकळी करणाराच आधी सुरू झालेले सर्व वाचन संपेपर्यंत थांबतो. केवळ क्षणभर डोकावणाऱ्या वाचकाला गणकाला स्पर्शही करावा लागत नाही. ज्याला ऑब्जेक्ट घेऊन आरसीयूच्या कक्षेबाहेर जायचे आहे त्याने मात्र ‘शून्य नसेल तरच वाढव’ ही क्रिया वापरावी आणि तिचा नकार हा ‘ऑब्जेक्ट सापडले नाही’ असा उत्तराचा भाग मानावा. मोकळी झालेली जागा त्याच जातीच्या नव्या ऑब्जेक्टला लगेच दिली जात असेल तर यशानंतरही ओळख पुन्हा पडताळावी, कारण हाती आलेले ऑब्जेक्ट जिवंत असले तरी शोधलेलेच असेल असे नाही.

रांग अटळ असेल तेव्हा

‘शून्य नसेल तरच वाढव’ ही क्रिया ‘रेफकाउंट_टी’मध्ये आजही तुलना करून बदलण्याच्या चक्राने होते, आणि प्रचंड गर्दीत ते चक्र वारंवार अपयशी ठरते. नेटवर्कमधील मार्गांच्या नोंदींवर हा भार ठळक दिसू लागल्यावर थॉमस ग्लाइक्सनर यांनी २०२३ मध्ये, ६.४ या आवृत्तीत, ‘आरसीयूरेफ’ हा गणक आणला. त्यात संपूर्ण ३२ बिटांचा पल्ला वैध, संपृक्त आणि मृत अशा पट्ट्यांत विभागला आहे. वाढ बिनशर्त एका आज्ञेने होते आणि निकाल ऋण आला तरच सावकाश वाटेने जाऊन तो कोणत्या पट्ट्यात पडला हे पाहिले जाते. मृत ऑब्जेक्टचा गणकही क्षणभर वाढू शकतो, पण त्यामुळे तो वैध पट्ट्यात येत नाही. अट एकच, ती म्हणजे ऑब्जेक्टची स्मृती आरसीयूच्या नियमानेच मोकळी होत असली पाहिजे. उघडलेल्या फाइलींच्या गणकासाठी ६.१३ मध्ये याच धर्तीचा प्रकार स्वीकारला गेला. येथे वेग वाढला आणि संरक्षणही टिकले.

दुसरा मार्ग गणकच वाटून टाकण्याचा आहे. केंट ओव्हरस्ट्रीट यांनी २०१३ मध्ये आणलेल्या ‘परसीपीयू_रेफ’मध्ये प्रत्येक प्रोसेसरचा आपापला आकडा असतो, त्यामुळे कोणाला कोणासाठी थांबावे लागत नाही. एकूण बेरीज शून्य झाली की नाही हे त्या अवस्थेत कोणालाच कळत नाही, म्हणून ऑब्जेक्ट बंद करण्याचा क्षण स्पष्टपणे जाहीर करावा लागतो, आणि त्यानंतर सर्व आकडे एकत्र करून नेहमीच्या गणनेकडे परतावे लागते. ब्लॉक साधनांच्या विनंती-रांगा किंवा सीग्रुप यांसारख्या मोजक्या आणि दीर्घायुषी ऑब्जेक्टना ही रचना शोभते. क्षणोक्षणी जन्मणाऱ्या आणि मरणाऱ्या पॅकेटला ती देणे म्हणजे प्रत्येक प्रोसेसरमागे स्मृती उधळणे होय. आकडा आणि लॉक ६४ बिटांच्या एकाच शब्दात ठेवून दोन्ही एका क्रियेत हाताळणारा ‘लॉकरेफ’ हा प्रकार फाइल-मार्गांच्या नोंदींसाठी केलेला आहे. त्या प्रकारची गरज इतरत्र क्वचितच पडते.

तिसरा मार्ग आकडा रुंद करण्याचा, आणि येथे बीपीएफचा इतिहास विशेष बोलका आहे. २०१६ च्या दोषानंतर तेथे ३२,७६८ ही कमाल मर्यादा घालण्यात आली आणि ती ओलांडणाऱ्या वाढीला नकार मिळू लागला. भरून वाहणे थांबले, पण संदर्भ घेण्याची प्रत्येक जागा आता अपयशी ठरू शकत होती, त्यामुळे प्रत्येक जागी अपयश हाताळणारा कोड आला. आणि कमी तपासला जाणारा हाच कोड गळतीचे माहेरघर असतो. अखेरीस ५.५ मध्ये बीपीएफच्या नकाशांचा, म्हणजे तिच्या प्रोग्रामच्या माहिती-तक्त्यांचा, गणक ६४ बिटांचा करून नकाराची शक्यताच काढून टाकण्यात आली. चिन्ह धरून ६४ बिटांचा गणक सेकंदाला १०० कोटी वाढींच्या वेगानेही भरायला सुमारे २९२ वर्षे लागतात, तेव्हा संपृक्तीची गरज उरत नाही. शून्यावरून वाढ आणि जादा घट यांची तपासणी मात्र रुंदीने मिळत नाही, आणि हे विसरून अनेकदा ६४ बिटांना सर्वरोगहारी मानले जाते. शिवाय जेथे जागाच नाही तेथे हा मार्ग बंद असतो. स्मृतीच्या प्रत्येक ४ किबिबाइटच्या पानामागे कर्नल सहसा ६४ बाइटांची नोंद ठेवतो. तीत ४ बाइट वाढवणे म्हणजे सर्व यंत्रांवर सर्व पानांसाठी वाढवणे. म्हणून २०१९ चा पानांचा दोष दुरुस्त करताना गणक ३२ बिटांचाच ठेवून, तो संशयास्पद दिसताच नवा संदर्भ नाकारणारी क्रिया वापरण्यात आली. गोठवणे, नाकारणे आणि रुंद करणे या तिन्हींपैकी निवड करताना पाहायचे ते एवढेच की बोलावणारा कोड नकार पेलू शकतो का आणि ऑब्जेक्टमध्ये जागा आहे का. दोन्हींचे उत्तर माहीत नसेल तर गोठवणारा ‘रेफकाउंट_टी’ घ्यावा.

जुन्या कोडचे रूपांतर करताना

‘ॲटॉमिक_टी’ दिसला की तो बदलावा असा सरसकट नियम करू नये. आकडेवारी, अनुक्रमांक, प्रलंबित कामांची संख्या हे संदर्भगणक नव्हेत. त्यांना शून्यावरून वर येणे हा नित्याचा व्यवहार असतो. ओळखीची खूण अशी की घटीनंतर शून्याची तपासणी होते आणि शून्य आल्यास काहीतरी मोकळे केले जाते. नेमकी हीच खूण शोधणारी कॉक्सिनेल या साधनाची स्क्रिप्ट कर्नलच्या मूळ संचातच दिलेली आहे. काही जुने गणक ‘एक धारक म्हणजे शून्य’ असे मोजतात. त्यांचे रूपांतर करताना सुरुवात १ पासून करावी आणि अखेरच्या तुलनाही त्यानुसार सरकवाव्यात, नाहीतर पहिल्याच वाढीला इशारा उमटतो.

स्मृतिक्रमाकडेही लक्ष द्यावे लागते, म्हणजे एका प्रोसेसरने केलेली लिखाणे दुसऱ्याला कोणत्या क्रमाने दिसतील याकडे. ‘रेफकाउंट_टी’ची वाढ कोणत्याही क्रमाची हमी देत नाही, कारण वाढवणाऱ्याच्या हाती आधीच एक संदर्भ असतो आणि हमीची गरज नसते. घट मात्र आपल्या आधीची सर्व लिखाणे पूर्ण झाल्याची हमी देते, आणि शून्यावर पोहोचवणारी घट त्यानंतरचे वाचन पुढे सरकू देत नाही, जेणेकरून नष्ट करणाऱ्याला इतरांची अखेरची लिखाणे दिसावीत. ॲटॉमिक पूर्णांकाच्या आकडा परत देणाऱ्या नेहमीच्या क्रिया याहून कडक हमी देतात. जुना कोड त्या कडकपणावर नकळत विसंबला असेल तर एक्स८६ वर काहीच बिघडत नाही आणि एआरएमवर महिन्यातून एकदा बिघडते. असे रूपांतर दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर चालवून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.

या सगळ्या तपासण्या जे पकडत नाहीत तेही स्पष्ट असले पाहिजे. तीन धारक असताना एकाने दोनदा घट केली तर गणक मुकाट्याने १ वर येतो. आकडा पूर्णपणे वैध दिसतो आणि पुढची प्रामाणिक घट ऑब्जेक्ट नष्ट करते. इशारा उमटलाच तर तो उरलेल्या धारकाने हात लावल्यावर, म्हणजे नुकसान झाल्यावर. सीव्हीई-२०१६-४५५७ या बीपीएफमधील दोषात हेच घडले. फाइलचा संदर्भ घेणारे फलन अपयश आल्यास तो स्वतःच सोडत असे, आणि त्याला बोलावणारा कोडही अपयशाच्या वाटेवर तो पुन्हा सोडत असे. हा दोष आणखी एका कारणाने उद्बोधक आहे. कर्नल फाइलचा हलका संदर्भ देताना, प्रक्रियेचा फाइल-तक्ता दुसऱ्या कोणाशी सामाईक नसेल तर वाढ टाळतो आणि सोडतानाही घट टाळतो. वेगासाठी केलेली ही सोय योग्य आहे, पण तिच्यामुळे दोनदा सोडण्याची चूक एकाच थ्रेडच्या चाचणीत दिसूच शकत नाही. म्हणून परीक्षकाने सरळ वाटेपेक्षा अपयशाच्या वाटा अधिक बारकाईने वाचाव्यात, आणि चाचण्या तक्ता सामाईक असलेल्या अनेक थ्रेडच्या प्रक्रियेतही चालवाव्यात. नेटवर्क साधनांच्या संदर्भांसाठी ५.१७ पासून उपलब्ध असलेला ‘रेफ_ट्रॅकर’ प्रत्येक वाढीची स्वतंत्र पावती ठेवतो आणि कोणती वाढ कोणी सोडली नाही हे दाखवतो. तो महाग आहे, म्हणून विकासाच्या यंत्रावर चालू आणि प्रत्यक्ष वापरात बंद ठेवावा.

यंत्र चालवणाऱ्यांसाठीही यात काही कामाचे आहे. संपृक्तीचा इशारा कर्नलच्या नोंदवहीत प्रत्येक प्रकारासाठी यंत्र सुरू झाल्यापासून एकदाच उमटतो. दुसरे ऑब्जेक्ट त्याच प्रकारे संपृक्त झाले तर नोंद होत नाही. तेव्हा एक इशारा दिसला म्हणजे एकच घटना घडली असे समजू नये, आणि तपासादरम्यान डीबगएफएसमधील ‘क्लिअर_वॉर्न_वन्स’ या फाइलीत लिहून इशारे पुन्हा जागे करावेत. इशारा येताच यंत्र थांबवण्याची सोयही आहे. जेथे गुप्तता सर्वोच्च आणि खंड सोसवतो तेथे ती योग्य, पण हजारो ग्राहक एकाच यंत्रावर असतील तेथे एखाद्या निरुपद्रवी इशाऱ्यावर सर्वांना खाली आणण्याची किल्ली त्यामुळे हल्लेखोराच्या हाती जाते.

‘ऊप्स’ या अवस्थेचा विचार वेगळा करावा लागतो. कर्नलमध्ये चूक घडली की तो पुष्कळदा चालू कार्य मारून पुढे जातो, आणि त्या कार्याने घेतलेले संदर्भ कोणीच सोडत नाही. हल्लेखोराला अशी एखादी क्षुल्लक चूक वारंवार घडवता आली, तर प्रत्येक वेळी एक संदर्भ गळतो आणि ‘रेफकाउंट_टी’ न वापरणारा ३२ बिटांचा गणक कालांतराने भरून वाहतो. हे ओळखून यान हॉर्न यांनी सुचवलेली ‘ऊप्स_लिमिट’ ही मर्यादा ६.२ मध्ये आली. तिचे मूळ मूल्य १०,००० आहे, आणि तितक्या चुकांनंतर यंत्र स्वतःहून थांबते. ज्या यंत्रावर एखादा सदोष ड्रायव्हर रोज चारदोन वेळा कोसळतो तेथेही या मर्यादेला पोहोचायला वर्षे लागतील, तेव्हा ‘सेवेत खंड नको’ या कारणाने ती शून्य करून उठवण्याची गरज सहसा पडत नाही.